सफरचंदावरील खवड्या : एका कवकाचा अभ्यास

खवड्या ह्या रोगाने सफरचंदाचे झाड सहसा मरत नाही. ते वाढते, फुलते आणि फळतेही. परंतु त्याची पाने अकाली गळतात, फळांवर काळसर, खरबरीत डाग पडतात आणि ज्या फळाला त्याच्या रूपावरच भाव मिळतो ते फळ पेटीत भरण्याच्या लायकीचे उरत नाही. डागाळलेले सफरचंद खाल्ल्याने कोणाला अपाय होत नाही. तरीसुद्धा, ज्या प्रदेशांत वसंत ऋतू थंड आणि पावसाळी असतो अशा बहुतेक सर्व सफरचंदाच्या मुलखांत बागायतदार ज्या रोगाला सर्वांत अधिक भितो तो हाच होय. वर्षातून एकदाच हाती येणाऱ्या पिकावर ज्याच्या घरचा सगळा खर्च चालतो, त्याच्या दृष्टीने फळाच्या सालीवरील डाग हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नसतो.

महाराष्ट्रातील वाचकाला कागदी लिंबावरील खैऱ्या परिचित असतो. दोन्ही रोगांत फळावर खपल्यांसारखे डाग दिसतात. परंतु साम्य तेथेच संपते. खैऱ्या जिवाणूंमुळे होतो, तर सफरचंदावरील खवड्याचे कारण एक कवक आहे. बोलभाषेत अशा जीवांना आपण बुरशी म्हणतो. ह्या कवकाचे शास्त्रीय नाव व्हेंटुरिया इनइक्वॅलिस असे आहे. त्यातील दुसरा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ ‘असमान’ असा होतो. ह्या कवकाचे एक प्रकारचे बीजुक दोन पेशींचे बनलेले असते आणि त्या दोहोंपैकी एक पेशी लहान व दुसरी मोठी असते, एवढ्यावरून हे नाव पडले. हिमाचल प्रदेशातील बागांमध्ये मात्र ह्या रोगाला ‘स्कॅब’ हा इंग्रजी शब्दच रूढ झाला आहे.

रोग जुना आहे. इटालियन चित्रकार काराव्हाद्जो ह्याने १६०१ साली रंगविलेले ‘एमाउस येथील भोजन’ हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या चित्रात मेजाच्या कडेवर ठेवलेली फळांची टोपली आहे आणि तिच्यातील सफरचंदांवर डाग आहेत. वनस्पतिरोगतज्ज्ञ ते डाग खवड्याचे मानतात. फळे जशी होती तशीच काढण्याच्या चित्रकाराच्या हट्टामुळे रोगाचा असा पुरावा मागे राहिला आहे. शास्त्रीय वर्णन मात्र त्यानंतर दोन शतकांनी आले. स्वीडनमधील कवकशास्त्रज्ञ एलियास फ्रीस ह्याने १८१९ मध्ये सफरचंदावरील ह्या कवकाची नोंद केली. त्याने पाहिले ते कवकाचे उन्हाळी रूप होते. गळून पडलेल्या कुजक्या पानांवर त्याच कवकाचे एक निराळे रूप राहते, हे त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्यामुळे ह्या दुसऱ्या रूपाला स्वतंत्र नाव मिळाले आणि एकाच जीवाची दोन नावे शास्त्रीय ग्रंथांत सुखाने शेजारी शेजारी नांदत राहिली. ही दोन्ही रूपे एकाच कवकाची आहेत हे जर्मनीतील रुडोल्फ आडरहोल्ड ह्याने १८९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. रोगाच्या अभ्यासाला खरी दिशा मिळाली ती येथून. कारण हिवाळ्यात रोग कोठे जातो ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते.

ते उत्तर समजण्यासाठी कवकाचे वर्षचक्र पाहावे लागते. शरद ऋतूत रोगट पाने गळून जमिनीवर पडतात. जिवंत पानात हे कवक वरवरच राहत असते. पण पान मेल्यावर ते पानाच्या आत खोलवर शिरते आणि बर्फाखाली, थंडीत, हळूहळू सूक्ष्म काळ्या कुप्या तयार करते. टाचणीच्या डोक्याहूनही कितीतरी लहान असलेल्या ह्या कुप्यांमध्ये लांबट पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीत आठ बीजुके असतात. ह्या पिशवीला धानी म्हणतात आणि म्हणून त्या बीजुकांना धानीबीजुके असे नाव आहे. कुपी तयार होण्यासाठी परस्परांशी जुळणाऱ्या भिन्न गटांतील दोन कवकतंतूंचा संयोग व्हावा लागतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जी. डब्ल्यू. काइट आणि त्याचे सहकारी ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात ही गोष्ट सिद्ध केली. पुढे त्यांनी एकेका धानीतील आठही बीजुके क्रमाने वेगळी काढून वाढविली आणि रोग निर्माण करण्याची शक्ती पुढच्या पिढीत कशी उतरते ते तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने केलेले हे काम विलक्षण चिकाटीचे होते, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष पुढे सर्वांनाच महाग पडला. दरवर्षी लैंगिक संयोग होत असल्याने ह्या कवकाचे गुणधर्म दरवर्षी नव्याने पिसले जातात; पत्त्यांचा जोड प्रत्येक हिवाळ्यात पुन्हा एकदा पिसला जावा तसे.

वसंतात झाडाच्या कळ्यांना हिरवी टोके फुटू लागतात त्याच सुमारास जमिनीवरच्या कुप्यांतील बीजुके पक्व होऊ लागतात. पाऊस पडला की पान भिजते, धानी पाणी शोषून फुगते, कुपीच्या तोंडातून बाहेर डोकावते आणि आपली बीजुके वर उडवते. ही उडी फक्त काही मिलिमीटरांची असते. परंतु जमिनीलगतचा स्थिर हवेचा थर ओलांडण्यास तेवढी पुरते. पुढचे काम वारा करतो. कोवळ्या पानावर अथवा फुलाच्या देठावर पडलेले बीजुक तेथे पाण्याचा पातळ थर असेल तर रुजते, एक चपटी पकड तयार करून पानाला चिकटते आणि वरची मेणचट उपत्वचा भेदून आत जाते. आत म्हणजे फार आत नव्हे. उपत्वचा आणि तिच्याखालील पेशींचा थर ह्यांच्या मधल्या फटीत ते पसरते आणि पेशींच्या आत न शिरताच त्यांचे अन्न ओढून घेते. कित्येक दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. साधारण नऊ ते सतरा दिवसांनी, हवेतील उष्णतेनुसार, पानावर ऑलिव्हसारख्या मळकट हिरव्या रंगाचा मखमली डाग उमटतो. त्या मखमलीचा प्रत्येक केस नवी बीजुके देत असतो. ही उन्हाळी बीजुके लैंगिक संयोगावाचूनच तयार होतात. पावसाच्या थेंबांबरोबर ती शिंतोड्यांसारखी उडतात आणि खालच्या पानांवर व फळांवर पडतात. उन्हाळाभर अशा फेऱ्यांमागून फेऱ्या चालतात. लहान फळावर डाग पडला तर तेथील साल बुचासारखी होते आणि फळ वाढत असताना ती तडकते. उशिरा लागण झालेले फळ तोडणीच्या वेळी निर्दोष दिसते आणि मग शीतगृहात त्याच्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उमटतात. व्यापारी आणि बागायतदार ह्यांच्यातील पुष्कळशा भांडणांचे मूळ ह्या ठिपक्यांत असते.

ह्या वर्षचक्रातील दुबळी जागा कोणती? वसंतातील पहिली लागण थोपविली, तर उन्हाळी बीजुकांच्या फेऱ्या सुरूच होणार नाहीत, हे उघड होते. प्रश्न एवढाच होता की, पहिली लागण नेमकी कोणत्या दिवशी होते हे कसे ओळखावे. पाऊस तर वसंतात अनेकदा पडतो. प्रत्येक पावसानंतर औषध फवारणे खर्चाचे आणि न फवारणे धोक्याचे. काइट आणि एल. के. जोन्स ह्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उष्णता आणि ओल ह्यांचा लागणीशी असलेला संबंध प्रयोगांनी दाखवला. त्यावरून बागेत उपयोगी पडेल असा हिशेब बांधला तो न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या डब्ल्यू. डी. मिल्स ह्याने. त्याचे १९४४ साली प्रसिद्ध झालेले कोष्टक वनस्पतिरोगशास्त्रात अत्यंत प्रसिद्ध आहे, आणि त्याची मांडणी इतकी साधी आहे की, शाळकरी मुलालाही ते वापरता यावे.

मिल्सने मोजल्या त्या दोनच गोष्टी : पाने सलग किती तास ओली राहिली आणि त्या काळात हवेचे सरासरी तापमान किती होते. तापमान १७ ते २४ अंश सेल्सिअस असेल, तर पाने सुमारे ९ तास ओली राहताच सौम्य लागण होते. १८ तास ओली राहिली तर ती तीव्र होते. हवा थंड असेल तर कवकाला अधिक वेळ लागतो. १० अंशांवर सौम्य लागणीला १४ तास आणि तीव्र लागणीला २९ तास हवेत. पाऊस सकाळी पडला आणि दुपारच्या उन्हाने पाने सुकली, तर बागायतदाराने निश्चिंत असावे. तोच पाऊस संध्याकाळी पडून रात्रभर धुके राहिले, तर दुसऱ्या दिवशी त्याने फवारणीच्या तयारीला लागावे. पावसाच्या इंचांना येथे महत्त्व नाही. पान किती वेळ ओले राहिले ह्याला आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या उताराची, दाट फांद्यांची, छाटणी न केलेली बाग शेजारच्या मोकळ्या बागेपेक्षा अधिक रोगट का असते, ह्याचा उलगडा एवढ्यानेच होतो.

कोष्टक वापरात आल्यावर पुढील काही दशके ते जवळजवळ तसेच राहिले. मग एक शंका पुढे आली. रात्री पाऊस सुरू झाला तर तास केव्हापासून मोजायचे? न्यूझीलंडमधील पी. जे. ब्रुक ह्याने १९६९ मध्ये दाखविले की, धानीबीजुके बाहेर पडण्याला प्रकाशाची मदत लागते. म्हणजे रात्री पान भिजले तरी बीजुके बहुतांशी उजाडेपर्यंत थांबतात. मिल्सने रात्रीचे तासही धरले असल्यामुळे त्याच्या हिशेबात लागणीला खरा लागतो त्याहून अधिक वेळ दिसत होता. अमेरिकेतील विल्यम मॅकहार्डी आणि डेव्हिड गॅडूरी ह्यांनी १९८९ मध्ये ही दुरुस्ती करून नवे निकष मांडले. त्यांच्या मते अनुकूल तापमानात सुमारे ६ तासांची ओल लागणीला पुरते. मात्र रात्रीच्या पावसात मोजणी पहाटेपासून करावी. दरम्यान, १९८० मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी मिल्सचा हिशेब आपोआप करणारे, बागेतच उभे करता येईल असे एक छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र तयार केले होते. आज असे काम हवामान केंद्रे आणि संगणक करतात. पण त्यांच्या पोटातील गणित मूलतः मिल्सचेच आहे.

भारतात ह्या रोगाची पहिली नोंद १९३५ मध्ये काश्मीरमधील अंब्री ह्या तेथील जुन्या, सुगंधी जातीवर झाली. त्यानंतर बराच काळ तो तुरळकच होता. १९७३ साली काश्मीर खोऱ्यात त्याची मोठी साथ आली आणि विस्तृत क्षेत्रावरील बागा डागाळल्या. हिमाचल प्रदेशात तो १९७७ मध्ये दिसला. तेथील परिस्थिती साथीला अगदी पोषक होती. सत्यानंद स्टोक्स ह्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोटगढ-ठाणेधार परिसरात अमेरिकेहून आणलेल्या डेलिशस गटातील जातींनी तेथील डोंगरउतार भरून गेले होते. ह्या जाती दिसायला देखण्या आणि बाजारात मागणीच्या, पण खवड्याला चटकन बळी पडणाऱ्या. शेकडो खेड्यांतून मैलोगणिक एकाच गटातील झाडे उभी असतील, तर कवकाला दुसरे काय हवे असते? १९८३ मध्ये हिमाचलात मोठी साथ आली. डागाळलेली फळे बाजारात जाऊन रोग आणि बदनामी दोन्ही पसरू नयेत म्हणून राज्य शासनाने ती बागायतदारांकडून विकत घेऊन नष्ट केली. पिकलेले फळ विकत घेऊन त्याचा नाश करावा लागणे हे दृश्य डोंगरातल्या लोकांना नवीन होते. त्यानंतर फवारणीचे वेळापत्रक तेथील बागायतदाराच्या अंगवळणी पडले. तारखांऐवजी झाडाच्या अवस्थांवर ते बांधलेले आहे : हिरवे टोक, गुलाबी कळी, पाकळ्या गळणे, वाटाण्याएवढे फळ, अक्रोडाएवढे फळ. उंचीनुसार प्रत्येक गावाचा बहर वेगळ्या दिवशी येत असल्याने ही पद्धत शहाणपणाची ठरली. १९९६ मध्ये रोगाने पुन्हा एकदा साथीचे रूप धारण केले.

फवारणीच्या औषधांचा इतिहास मात्र दिलासा देणारा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरचूद आणि चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण आले. नाशिककडील द्राक्षबागायतदाराला ते आजही ठाऊक आहे. मग गंधक व चुना ह्यांचे मिश्रण आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅप्टान, डोडिन इत्यादी सेंद्रिय रसायने आली. १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात डोडिनला दाद न देणारे कवक आढळले. पानात शोषल्या जाणाऱ्या बेनोमिल ह्या औषधाकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या; ते वापरात येऊन काही वर्षे होतात न होतात तोच त्यालाही कवक जुमानेनासे झाले. ह्याचे कारण पुढे समजले. कवकाच्या एका प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदलले की बेनोमिल निकामी ठरते. वर्षातून अनेक पिढ्या आणि दर हिवाळ्यात एक लैंगिक संयोग असणाऱ्या जीवाला एवढा बदल घडवून आणणे मुळीच अवघड नाही. कॅप्टानसारखी जुनी औषधे कवकावर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात. त्यामुळे ती अजून उपयोगी आहेत, आणि नव्या औषधांबरोबर त्यांची अदलाबदल करीत राहण्याचा सल्ला दिला जातो.

औषधांऐवजी झाडच प्रतिकारक करावे, ही कल्पनाही जुनीच. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सी. एस. क्रँडल ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मॅलस फ्लोरिबुंडा ह्या शोभेच्या रानटी सफरचंदाचा रोम ब्यूटी ह्या जातीशी संकर केला होता. त्या रानटी झाडाची फळे बोराएवढी. खाण्याच्या दृष्टीने त्यांना किंमत नाही. क्रँडलचा हेतू खवड्याशी संबंधित नव्हता. परंतु त्या संकरातून निघालेल्या झाडांपैकी काही झाडे साथीतही निरोगी राहतात, हे एल. एफ. हफ ह्याने ओळखले आणि १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय ह्या तीन विद्यापीठांचा संयुक्त कार्यक्रम उभा राहिला. चांगल्या फळाच्या जातींशी पुनःपुन्हा संकर करीत, रानटी झाडातील फक्त तेवढा प्रतिकारक गुण राखून बाकीचे सारे मागे सोडायचे होते. सफरचंदाच्या रोपाला पहिले फळ धरण्यास काही वर्षे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कामाला पाव शतक का लागले ते कळते. ‘प्रिमा’ ही पहिली जात १९७० मध्ये बाहेर पडली. तीन विद्यापीठांच्या नावांची आद्याक्षरे ह्या कार्यक्रमातील जातींच्या नावांच्या सुरुवातीला दडलेली असतात. प्रिसिला ही त्यांपैकीच दुसरी.

ह्या जातींतील प्रतिकारकता व्हीएफ नावाच्या एका जनुकावर उभी होती. चाळीस वर्षे ती टिकली आणि ती कायमची टिकेल असे पुष्कळांना वाटू लागले होते. १९८० नंतरच्या दशकात उत्तर जर्मनीतील आरेन्सबुर्ग येथे व्हीएफ असलेल्या झाडांवर खवड्या दिसला. फ्रान्समधील संशोधकांनी १९९३ मध्ये ह्या नव्या वंशाचे वर्णन केले. काइटने एकेक बीजुक वेगळे काढून जे दाखविले होते त्याचाच हा बागेतील प्रत्यय होता. एका जनुकाने घातलेले कुलूप उघडण्यास कवकालाही एकाच किल्लीची गरज लागते. म्हणून आता पैदासकार निरनिराळ्या रानटी झाडांतील दोन-तीन प्रतिकारक जनुके एकाच जातीत आणण्याचा प्रयत्न करतात. २००४ मध्ये इटली व स्वित्झर्लंड येथील संशोधकांनी फ्लोरिबुंडातील एक जनुक थेट ‘गाला’ ह्या रोगाला बळी पडणाऱ्या जातीत घातले आणि ती झाडे प्रतिकारक झाली. हे जनुक टोमॅटोतील एका प्रतिकारक जनुकाच्या कुळातले निघाले, ही गोष्ट अभ्यासकांना विशेष उद्बोधक वाटली.

कवक मुळात आले कोठून, ह्याचाही शोध लागला आहे. जगभरातून गोळा केलेल्या नमुन्यांची आनुवंशिक तुलना करून २००८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने असा निष्कर्ष काढण्यात आला की, ते मध्य आशियातून निघाले. बागेतील सफरचंदाचा पूर्वजही कझाकस्तानच्या डोंगरांतलाच. फळ माणसाबरोबर पश्चिमेकडे गेले आणि त्याच्या पानावर बसून रोगही गेला.

ह्या सर्व खटाटोपात जमिनीवर पडलेल्या पानाकडे दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट आहे. वसंतातील पहिले बीजुक त्याच पानातून निघते. इंग्लंडमध्ये आर. टी. बर्चिल ह्याने १९६० नंतरच्या दशकात दाखविले की, पानगळीच्या सुमारास झाडावर ५ टक्के युरियाचे पाणी फवारले, तर पाने लवकर कुजतात आणि धानीबीजुकांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटते. युरिया स्वस्त आहे आणि खत म्हणून तो वायाही जात नाही. काश्मीर व हिमाचल येथे ह्या फवारणीची शिफारस केली जाते. रोदॅमस्टेड येथील एफ. रॉ ह्याने १९६२ मध्ये त्याहूनही साधी गोष्ट नोंदविली. जेथे गांडुळे भरपूर होती त्या बागांमध्ये हिवाळा संपेपर्यंत बहुतेक सर्व पाने गांडुळांनी जमिनीत ओढून नेली होती. ज्या बागांमध्ये वर्षानुवर्षे तांब्याची औषधे फवारली होती, तेथे मात्र गांडुळे उरली नव्हती आणि पाने वसंतापर्यंत झाडाखाली तशीच पडून होती. काश्मीरमध्ये शरदात गळलेली पाने गोळा करून जाळण्याची आणि त्यांचा कोळसा कांगडीसाठी वापरण्याची जुनी चाल आहे. ती ऊब मिळविण्यासाठी पडली, रोगासाठी नव्हे; परंतु ज्या बागेतली पाने अशी कांगडीत जातात, त्या बागेत पुढल्या वसंतात उडणारी बीजुके तेवढी कमी होतात.